ब्राउजरचं नवं अपडेट: लगेच घ्यायचं की थांबायचं? कामाच्या कॉम्प्युटरसाठी पायरी-पायरीनं

तालुक्याच्या गावातल्या काही कर सल्लागारांचे, सोसायट्यांच्या कार्यालयांचे आणि सेवा केंद्रांचे कॉम्प्युटर मी सांभाळतो. फोनवर ठरलेला प्रश्न असतो: "वर कोपऱ्यात अपडेट म्हणतंय, दाबू का?" विचारणाऱ्यांत दोन तऱ्हा. एक जण दिसेल ते बटण दाबून मोकळा होतो आणि मग रिटर्नच्या शेवटच्या दिवशी डिजिटल सही चालत नाही म्हणून बसतो. दुसऱ्यानं "चालतंय ना, मग कशाला हात लावा" म्हणून कित्येक वर्षं काही बदललेलंच नसतं आणि एके दिवशी बँकेची साइट उघडेनाशी होते.

माझं मत आधीच सांगतो. सुरक्षेचं छोटं अपडेट त्याच दिवशी घ्या. मोठी आवृत्ती घरच्या कॉम्प्युटरवर लगेच घ्या, ऑफिसात आधी एका मशीनवर चालवून बघा आणि मग बाकीच्यांवर घ्या. नवी आवृत्ती येणंच बंद झालं असेल, तर प्रश्न ब्राउजरचा राहिलेला नाही, मशीनचा आहे. आणि एखादी साइट जुन्यातच चालते म्हणून अख्खा ब्राउजर जुना ठेवू नका. त्या साइटसाठी वेगळी सोय करता येते, ती पुढे सांगितली आहे.

सुरू करण्यापूर्वी जवळ ठेवा

- विंडोजचा पासवर्ड, आणि सॉफ्टवेअर टाकायला परवानगी लागत असेल तर ॲडमिनचाही
- ज्या साइटवर रोज काम होतं त्यांची कागदावर लिहिलेली यादी, शेजारी लॉगिनची नावं
- डिजिटल सहीचं टोकन आणि त्याचा पिन
- ब्राउजरमध्ये साइन-इन केलेल्या खात्याचा ईमेल आणि पासवर्ड
- एक पेन ड्राइव्ह
- आणखी एक ब्राउजर, आधीच टाकून ठेवलेला

शेवटची वस्तू बहुतेकांकडे नसते. आजच टाका.

१. आत्ता कोणती आवृत्ती आहे ते बघा, पण जरा जपून

क्रोममध्ये उजवीकडच्या तीन टिंबांवर जा, हेल्प, मग अबाउट गूगल क्रोम. एजमध्येही असंच, फक्त टिंबं आडवी. फायरफॉक्समध्ये तीन आडव्या रेषा, हेल्प, अबाउट फायरफॉक्स.

पहिली गोम इथेच आहे. हे पान नुसतं माहिती दाखवत नाही. ते उघडताक्षणी ब्राउजर नवी आवृत्ती शोधतो आणि सापडली की उतरवायलाही लागतो. "मी फक्त नंबर बघत होतो, अपडेट कुणी मारलं?" असं विचारणाऱ्यांना हेच उत्तर. भरदुपारी अर्धा फॉर्म भरलेला असताना हे पान उघडू नका.

तसंही क्रोम आणि एज मागच्या मागे अपडेट उतरवून ठेवतात. तुमच्या हातात असतं ते एवढंच, ब्राउजर बंद करून पुन्हा कधी उघडायचा. म्हणजे बहुतेक लोकांपुढे खरा प्रश्न "घेऊ का" हा नसतो, "आत्ता रीस्टार्ट करू की संध्याकाळी" हा असतो. फायरफॉक्समध्ये मात्र सेटिंग्जमध्ये पर्याय आहे: अपडेट शोध, पण टाकायचं की नाही ते मला विचार.

अपडेट कायमचं थांबवायला काही जण विंडोजच्या सर्व्हिसेसमध्ये जाऊन गूगलची अपडेट सर्व्हिस बंद करून टाकतात. असं करू नका. त्यानं मोठ्या आवृत्तीबरोबर सुरक्षेची अपडेटंही थांबतात, आणि आपण ती बंद केली होती हे सहा महिन्यांनी कुणाच्या लक्षातही राहत नाही.

२. आकड्यावरून अपडेटची जात ओळखा

क्रोमचा आकडा चार भागांत असतो, उदाहरणार्थ १०९.०.५४१४.१२०. पहिला भाग बदलला तर ती मोठी आवृत्ती. शेवटचाच भाग बदलला तर ते ठिगळ: एखादी चूक दुरुस्त केलेली, दिसण्यात काही फरक नाही. फायरफॉक्समध्ये १४० नंतर १४१ आली तर मोठी, १४०.०.१ आली तर ठिगळ.

क्रोमची मोठी आवृत्ती २०२१पासून साधारण दर चार आठवड्यांनी येत आली आहे आणि २०२३पासून सुरक्षेची ठिगळं दर आठवड्याला. ती किती मोलाची असतात याचं एक उदाहरण पुरे. सप्टेंबर २०२३मध्ये वेबपी जातीची चित्रं उघडणाऱ्या कोडमध्ये खोट सापडली. मुद्दाम तसं बनवलेलं चित्र पानावर नुसतं दिसलं तरी घात होऊ शकत होता, आणि हल्लेखोर ती खोट आधीपासून वापरत होते. क्रोम, फायरफॉक्स, एज सगळ्यांना घाईघाईनं ठिगळ काढावं लागलं. ज्यानं "मी कुठल्याही लिंकवर क्लिक करत नाही" म्हणून ते घेतलं नाही, त्याच्या सावधपणाचा इथे काही उपयोग नव्हता.

मोठी आवृत्तीही फार रेंगाळवता येत नाही, कारण ती आली की पुढची ठिगळं तिच्यासाठीच निघतात. चार-आठ दिवसांचं थांबणं ठीक. पण "या त्रुटीचा गैरवापर सुरू झाला आहे" असं गूगलनं जाहीर केलं असेल किंवा सर्ट-इननं, म्हणजे केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेनं, तसा इशारा दिल्याची बातमी दिसली, तर तेवढेही थांबू नका.

ज्यांना सुरक्षा हवी पण दर महिन्याचा बदल नको, त्यांच्यासाठी फायरफॉक्सची ईएसआर नावाची आवृत्ती आहे. तिच्यात मोठा बदल साधारण वर्षातून एकदा होतो, मध्ये फक्त ठिगळं. फुकट आहे, मोझिलाच्या साइटवर मिळते. छोट्या कार्यालयांना मी बहुतेक वेळा हीच टाकून देतो.

३. विंडोज किती जुनी आहे ते बघा

ज्याच्याकडे विंडोज ११ आहे त्यानं ही पायरी सोडून दिली तरी चालेल. बाकीच्यांनी नीट वाचा.

विंडोज ७, ८ आणि ८.१ वर क्रोमची शेवटची आवृत्ती १०९, जानेवारी २०२३ची. एजचीही १०९च. त्यामुळे अबाउटच्या पानावर १०९ दिसतंय आणि पुढे काही सरकत नाही, तर इंटरनेटला दोष देऊ नका. त्या मशीनवर पुढचं येणारच नाही. फायरफॉक्सनं या जुन्या विंडोजसाठी ११५ ईएसआर क्रोमनं हात वर केल्यानंतरही बराच काळ चालू ठेवली आणि तिची मुदत पुन्हा पुन्हा वाढवली. म्हणून विंडोज ७ वर निदान क्रोम १०९ पेक्षा फायरफॉक्स ११५ ईएसआर बरी, आणि तीही तिच्या शेवटच्या ठिगळापर्यंत नेलेली. पण ही तात्पुरती सोय आहे, नेट बँकिंग त्यावर करू नका.

काहीच न बदलता जुनं तसंच ठेवलं तर ते तसंच चालत राहतं, हाही भ्रम आहे. साइट खरी आहे की नाही हे ब्राउजर ज्या प्रमाणपत्रांवरून ओळखतो, त्यांना मुदत असते. ३० सप्टेंबर २०२१ला असंच एक मूळ प्रमाणपत्र संपलं आणि जगभर जुन्या फोन-कॉम्प्युटरवर चांगल्या चालणाऱ्या साइट "असुरक्षित" म्हणून अडकल्या. १४ मार्च २०२५ला फायरफॉक्सचं एक प्रमाणपत्र संपलं, तेव्हा १२८ च्या आधीच्या आवृत्त्या वापरणाऱ्यांना, आणि ईएसआरमध्ये ११५.१३ च्या आधीच्या, ॲड-ऑन, म्हणजे ब्राउजरला जोडलेले छोटे प्रोग्रॅम, बंद पडतील असा इशारा मोझिलाला द्यावा लागला होता.

विंडोज १०चा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. तरी ब्राउजर लगेच थांबलेले नाहीत. एजची अपडेटं विंडोज १० वर निदान ऑक्टोबर २०२८पर्यंत देऊ, असं मायक्रोसॉफ्टनं सांगितलं आहे. म्हणजे नवं मशीन घ्यायचं ठरवायला वेळ आहे, पण खालची विंडोज उघडी पडलेली असताना वरचा ब्राउजर ताजा ठेवून पूर्ण संरक्षण मिळत नाही.

फोनचंही तेच. क्रोम १३९ पासून अँड्रॉइड १० किंवा पुढचंच लागतं. घरातल्या वडीलधाऱ्यांकडे दिलेला जुना फोन एकदा तपासा, यूपीआय बहुधा त्याच्यावरच चालू असतं.

४. ज्या साइटवर काम अडतं, त्यांची यादी करा

बातम्या, यूट्यूब, ईमेल यांची चिंता करू नका, ते नव्यात चालणारच. अडतात त्या तीन प्रकारच्या साइट.

*सही आणि अंगठा.* डिजिटल सहीचं टोकन लावलं की साइट थेट त्याला हात लावत नाही. सही करणारं एक छोटं सॉफ्टवेअर तुमच्याच कॉम्प्युटरवर चालू असतं आणि साइट १२७.०.०.१ या पत्त्यावर त्याच्याशी बोलते. आधारसाठी अंगठा घेणाऱ्या मशीनबरोबरचं आरडी सर्व्हिस नावाचं सॉफ्टवेअरही असंच, बहुधा १११०० क्रमांकाच्या पोर्टवर. ऑक्टोबर २०२५मध्ये आलेल्या क्रोम १४२ पासून, एखादी साइट अशी तुमच्या कॉम्प्युटरमधल्या किंवा घरच्या नेटवर्कमधल्या गोष्टीशी बोलायला लागली की क्रोम आधी परवानगी विचारतो. सुरक्षेच्या दृष्टीनं हे योग्यच आहे. पण चौकट इंग्रजीत येते, घाईत असलेला माणूस "ब्लॉक" दाबतो, आणि मग टोकन बदला, ड्रायव्हर पुन्हा टाका, असा दिवस जातो. उपाय सोपा: पत्त्याच्या डावीकडच्या चिन्हावर क्लिक करा, साइट सेटिंग्ज उघडा, लोकल नेटवर्कच्या किंवा याच कॉम्प्युटरवरच्या ॲप्सच्या ओळीत "अलाव" करा, पान ताजं करा. अर्थात ही परवानगी सरकारी किंवा बँकेच्या ओळखीच्या साइटलाच. रेसिपीच्या पानानं मागितली तर ब्लॉकच बरोबर.

*इंटरनेट एक्सप्लोररच्या जमान्यातल्या साइट.* १५ जून २०२२ला तो निवृत्त झाला, पण काही जुनी पोर्टलं अजून त्यालाच धरून आहेत. त्यांच्यासाठी एजमध्ये आयई मोड आहे. सेटिंग्जमध्ये डिफॉल्ट ब्राउजरच्या भागात तो चालू करा आणि साइटचा पत्ता यादीत घाला. लक्षात ठेवायची गोष्ट: हाताने घातलेला पत्ता ३० दिवसांनी यादीतून निघून जातो. "परवापर्यंत चालत होतं" हे वाक्य ऐकलं की मी आधी ही यादीच उघडतो.

*एक्स्टेन्शनवर अवलंबून असलेलं काम.* एक्स्टेन्शन म्हणजे ब्राउजरला वरून जोडलेला छोटा प्रोग्रॅम: जाहिराती अडवणारं, पानाचं भाषांतर करणारं, पासवर्ड भरणारं. क्रोमनं २०२४-२५मध्ये जुन्या घडणीची एक्स्टेन्शन बंद केली. जाहिराती अडवणारं यूब्लॉक ओरिजिन त्यातच गेलं, क्रोमसाठी त्याची लाइट आवृत्ती उरली. फायरफॉक्समध्ये मूळचं अजून चालतं. ज्याला हेच हवंय त्यानं क्रोमची जुनी आवृत्ती शोधत बसण्यापेक्षा फायरफॉक्सकडे जावं.

यादी झाली की प्रत्येक साइटपुढे लिहा: कोणत्या ब्राउजरमध्ये चालते. एखादी एकाच ब्राउजरमध्ये चालत असेल तर तो ब्राउजर त्या कामापुरता ठेवा आणि बाकी सगळं दुसऱ्यात करा.

५. बॅकअप

बुकमार्क मॅनेजरमधून बुकमार्क एक्स्पोर्ट करा, एक एचटीएमएल फाइल मिळते. पेन ड्राइव्हवर ठेवा. पासवर्डही एक्स्पोर्ट होतात, पण त्या फाइलमध्ये ते उघडे, कुणालाही वाचता येतील असे असतात. काम झालं की ती फाइल डिलीट करा, रिसायकल बिनमधूनही. ऑफिसात सगळे मिळून वापरतात त्या मशीनवर ती करूच नका.

सिंक, म्हणजे खात्यातून सगळ्या मशीनवर सारखंच ठेवणं, चालू आहे म्हणून बॅकअप आहे असं धरू नका. एका मशीनवर बुकमार्क उडाले की सिंक ते दुसऱ्या मशीनवरूनही उडवतं.

क्रोमचं अख्खं प्रोफाइल फोल्डर, म्हणजे तुमचे बुकमार्क, पासवर्ड, सेटिंग्ज असलेलं, कॉपी करून नव्या मशीनवर नेलं तर पासवर्ड येत नाहीत, कारण ते त्या विंडोजच्या लॉगिनला बांधलेले असतात. फायरफॉक्सचं फोल्डर नेलं तर येतात. म्हणून ते फोल्डर असलेला पेन ड्राइव्ह कुठेही टाकू नका.

६. दिवस आणि वेळ

दहा ते वीस तारखेच्या मध्ये कर सल्लागाराच्या ऑफिसात मोठी आवृत्ती घेऊ नये, हा माझा नियम. दर महिन्याला जीएसटीचं रिटर्न भरणाऱ्यांचं जीएसटीआर-१ अकराला, जीएसटीआर-३बी वीसला. ज्या दिवशी पोर्टलच रडत असतं, त्या दिवशी बिघाड त्यांचा की आपला हे शोधणं नको. जुलैचा शेवटचा आठवडा तसाच. सेवा केंद्रात दहावी-बारावीच्या निकालानंतर दाखल्यांची रांग लागते, तेव्हाही नको.

बाकी दिवशी, संध्याकाळी काम आटोपल्यावर. रीस्टार्ट केल्यावर उघडे टॅब परत येतात, पण खासगी (इन्कॉग्निटो) खिडकीतले येत नाहीत आणि अर्धा भरलेला फॉर्म बहुतेक वेळा कोराच येतो. शुक्रवारी संध्याकाळी घेतलं तर शनिवारी सकाळी तपासायला वेळ मिळतो.

चार-पाच मशीन असतील तर आधी एकच. खुद्द कंपन्याही असंच करतात, थोड्याथोड्या लोकांना देत जातात. डिसेंबर २०१९मध्ये अँड्रॉइडवरच्या क्रोम ७९ नं काही ॲपमधली साठवलेली माहिती गायब झाल्याचं दिसलं, तेव्हा गूगलला वाटप मध्येच थांबवता आलं ते याच पद्धतीमुळे.

७. अपडेट फक्त ब्राउजरच्या आतून घ्या

एखाद्या साइटवर असताना पानावर मोठी चौकट येते: "तुमचा क्रोम जुना झाला आहे, इथून अपडेट करा." ती खोटी असते. खरं अपडेट कुठल्याही साइटच्या पानावरून येत नाही. ते ब्राउजरच्या चौकटीत, मेनूजवळ दिसतं किंवा पहिल्या पायरीतल्या अबाउट पानावर. अशा खोट्या चौकटीतून उतरणारी फाइल बऱ्याचदा झिप किंवा जेएस असते. चुकून उतरली असेल तर उघडू नका, डिलीट करा. उघडलीच असेल तर इंटरनेटची वायर काढा आणि जाणकाराला बोलवा, तोवर त्या मशीनवरून बँकेत जाऊ नका.

फोनवर व्हॉट्सॲपवरून आलेली ब्राउजरची एपीके फाइल, मग ती भाच्यानं पाठवलेली का असेना, टाकू नका. प्ले स्टोअरमधूनच.

८. अपडेट झाल्यावर लगेच बघायचं

यादीतली प्रत्येक साइट उघडा आणि नुसतं लॉगिन करून थांबू नका. सहीची साइट असेल तर टोकन लावून प्रमाणपत्र दिसतंय का ते बघा. एक पीडीएफ उतरवा, एक पान छापा. पावती छापताना डावी बाजू कापली जाते हे अपडेटनंतर हमखास ऐकू येणारं गाऱ्हाणं आहे, छपाईच्या खिडकीत स्केल आणि मार्जिन बघितलं की बहुधा सुटतं. पैसे भरण्याचा एखादा छोटा व्यवहार करून बँकेच्या पानावरून मूळ साइटवर परत येता येतं का तेही तपासा.

९. बिघडलं तर, याच क्रमानं

आधी तीच साइट खासगी खिडकीत उघडा. तिथे चालली तर दोष जुन्या कुकीजचा, म्हणजे साइटनं ब्राउजरमध्ये साठवलेल्या खुणांचा, किंवा एक्स्टेन्शनचा. त्या एका साइटच्या कुकीज पुसा. सगळ्या पुसल्या तर सगळीकडे पुन्हा लॉगिन करत बसावं लागेल. तेवढ्यानं भागलं नाही तर एक्स्टेन्शन एकेक करून बंद करून बघा.

खासगी खिडकीतही चालत नसेल तर दुसऱ्या ब्राउजरमध्ये बघा. तिथेही नाही चाललं तर साइटच आजारी आहे, ब्राउजरला हात लावू नका. दुसऱ्यात चाललं तर चौथ्या पायरीतली परवानगी तपासा, सहीचं सॉफ्टवेअर किंवा आरडी सर्व्हिस चालू आहे का ते बघा, तिची नवी आवृत्ती पोर्टलवर आली असेल तर ती टाका. तोवर काम दुसऱ्या ब्राउजरमध्ये करा.

मागची आवृत्ती परत टाकणं हा शेवटचा उपाय, आणि मी तो जवळजवळ कधीच करत नाही. "जुना क्रोम डाउनलोड" असं शोधून मिळणाऱ्या साइटवर काय चिकटवलेलं असेल सांगता येत नाही. शिवाय नव्या आवृत्तीनं तुमचं प्रोफाइल आपल्या पद्धतीनं लिहून घेतलेलं असतं. फायरफॉक्स तर ६७ पासून स्पष्टच अडवतो: जुनी आवृत्ती उघडली की सांगतो, हे प्रोफाइल नव्याचं आहे, नवं कोरं प्रोफाइल घ्या. लोक तिथे होकार देतात आणि "माझे बुकमार्क गेले" म्हणून घाबरतात. गेलेले नसतात. नवी आवृत्ती पुन्हा टाका, पत्त्याच्या जागी अबाउट, मग दोन टिंबांचा कोलन आणि जोडून प्रोफाइल्स असं इंग्रजीत टाइप करा. जुनं प्रोफाइल तिथे यादीत दिसेल, ते डिफॉल्ट करून ब्राउजर पुन्हा उघडा.